रेजीचं यंत्र आणि कोइव्हिस्तोंचा गुडघा

माझ्या भावाने गॅरेजमध्ये एक यंत्र बनवलं, आणि ते चाललं. आमच्या घराण्यात आजवर कुणी बनवलेलं काहीही चाललेलं नाही, त्यामुळे अशा वेळी काय करायचं याची आम्हाला सवय नव्हती. रेजीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवतानाच हे यंत्र रेजीचा जीव घेणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

तसं ते निरुपद्रवी होतं. धार नाही, दात नाहीत. ते फक्त तार गुंडाळत होतं.

रेजी व्हेपच्या कॉइली बनवतो. व्हेपच्या पोटात करंगळीच्या नखाएवढी तारेची गुंडाळी असते. ती तापते, तिच्यातून ओवलेल्या कापसातल्या रसाची वाफ होते, माणूस ती वाफ ओढतो आणि आपण सिगरेट सोडल्याचं भेटेल त्याला सांगतो. बहुतेकांना बाजारची कॉइल चालते. पण काही शौकीन असतात, त्यांना हाताची हवी. हाताची म्हणजे जाड तारेवर केसासारखी बारीक तार, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेली. मग ती सगळी तार स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर चार-सहा वेळा फिरवायची. दिसायला काहीच नाही. चवीला म्हणे सगळं.

त्यासाठी रेजीकडे बाबांचं जुनं ड्रिल होतं, टेबलाला पट्ट्याने आवळलेलं. समोर एक फळी, फळीला हूक, हुकाला बर्फावरच्या मासेमारीच्या डब्यातली बॉलबेअरिंगची फिरती कडी. जाड तारेचं एक टोक ड्रिलच्या जबड्यात, दुसरं त्या कडीत. ड्रिल फिरलं की तार जागच्या जागी फिरते, कडीही बरोबर फिरते, म्हणून तारेला पीळ बसत नाही. आणि बारीक तार येते रेजीच्या अंगठ्याच्या नखावरून. नखाला तिथे खाच पडलीय. पापणी लवली की वेढ्यावर वेढा चढतो आणि हातभर तार कचऱ्यात. हे चाललेलं असताना डोक्यात दुसरा विचार मावतच नाही.

आम्हाला तेच हवं होतं. वाफ गेली खड्ड्यात.

रेजी सोन्याच्या खाणीत खाली ड्रिलवर होता. तिथे पाठ गेली. पाठीसाठी गोळ्या आल्या, गोळ्यांची सवय लागली. गोळ्या बंद झाल्या तेव्हा डेनी आला. आमच्या अख्ख्या गावात, टिमिन्समध्ये, घरपोच माल वेळेवर देणारा माणूस एकच, तो डेनी. एकदा रेजीचं हृदय आमच्या बाथरूममध्ये बंद पडलं आणि रुग्णवाहिकेतल्या एका बाईने ते पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून तो रोज औषधाच्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या माणसासमोर तलफ दाबणारं मेथाडोन पितो आणि खरंच गिळलंय हे पटवायला त्याच्याशी दोन वाक्यं बोलतो. समुपदेशक बाई म्हणाल्या, "हात रिकामे ठेवू नका." आम्ही विणकाम करून पाहिलं. रेजीने मफलर विणायला घेतला, पण तो संपवतात कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. तो अजून सोफ्यामागे पडलाय, दोन माणसं आणि एक घोडा गुंडाळता येईल एवढा. कोडी जुळवून पाहिली. आकाशाचे सगळे तुकडे सारखेच निळे, म्हणून त्याने टेबलच उलटं केलं. मग कॉइल आली आणि त्याचे हात शांत झाले.

आणि नेमकं तेव्हाच जगाने कॉइली घ्यायचं बंद केलं.

वापरून फेकायची व्हेप आली. रंगीत, टरबुजाच्या चवीची, ओढा आणि टाका. रेजीचा माल पोलीनमावशीच्या दुकानात विकला जायचा. पोलीनमावशी आईची मैत्रीण. आईच्या अंत्यसंस्काराला तिने बनवलेलं टूर्तिएर, म्हणजे मांसाचं सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, अजून लोक आठवतात, आईबद्दल भाषण कुणी केलं ते मात्र कुणालाच आठवत नाही. तिने एक दिवस मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं.

"यानिक, बाळा, महिनाभरात कॉइल एकाच माणसाने मागितली. त्याला डासांची हवी होती."

"जानेवारीत?"

"मी पण तेच विचारलं. तो म्हणाला, आधीच तयारी केलेली बरी. तुझ्या भावाला सांग, आता पुरे."

मी सांगितलं नाही. उलट मावशीला म्हटलं, तू त्याच्याकडून घेत राहा, पैसे मी देतो, माल मी उचलतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्याने विचारलं की एवढं घेतंय कोण?"

माझ्या तोंडातून निघालं, "हर्स्टचे कोइव्हिस्तो."

असा कोणी नव्हता. हर्स्ट आहे, आमच्यापासून तीन तास पश्चिमेला. कोइव्हिस्तो त्या क्षणी जन्माला आले. लाकूड वाहणाऱ्या ट्रकचे निवृत्त ड्रायव्हर, फिनिश वंशाचे, एकटे, आणि फोन करायला आवडत नसल्यामुळे सगळे निरोप पोलीनमावशीकडे देणारे. रेजीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, ते स्वतः दुकानात का येत नाहीत? तेव्हा मी त्यांना गुडघा दिला. वाईट गुडघा. मला वाटलं, प्रश्न मिटला.

माणसाला एकदा गुडघा दिला की तो सांभाळावा लागतो हे मला माहीत नव्हतं. रेजी दर वेळी मावशीला विचारायचा, "त्यांचा गुडघा कसा आहे?" बरा आहे म्हणावं तर ते येऊ शकतात. वाईट म्हणावं तर रेजी काळजी करतो. त्यामुळे कोइव्हिस्तोंचा गुडघा हिवाळाभर ना बरा ना वाईट असा लोंबकळत राहिला. रेजी, जो आईच्या मागे एकदाही चर्चमध्ये गेला नव्हता, त्याने त्या गुडघ्यासाठी मेणबत्ती लावली.

माझा निम्मा पगार मावशीच्या गल्ल्यातून फिरून रेजीच्या खिशात जायचा. त्यातून तो मला पिझ्झा खाऊ घालायचा. माझ्याच पैशाचा पिझ्झा मी "थँक्यू, रेजी" म्हणून खायचो. कॉइली मी कर्लिंग क्लबात लपवायचो, जिथे लोक बर्फावरून दगड घसरवायचा खेळ खेळतात. मी तिथे बर्फ बनवतो. बाहेर उणे पस्तीस असताना आत पगार घेऊन बर्फ बनवणारा माणूस म्हणजे मी, त्यामुळे माझ्या निर्णयांकडून फार अपेक्षा कुणी ठेवू नये. तिथे कपाटात जुने चषक आहेत. बायकांचा चषक कॉइलींनी काठोकाठ भरला. मग पोलिसांचा भरला. मग पाद्र्यांचा.

तरी जमत होतं. हाताने दिवसाला मूठभर कॉइली होतात. मूठभर मी विकत घेऊ शकत होतो.

तर ते यंत्र.

रेजीला वाटलं, बिचारे कोइव्हिस्तो एवढी मागणी करतात, आपण किती हळू! त्याने कचऱ्यातून आणलेल्या ट्रेडमिलची मोटर काढली. आईच्या शिलाई मशीनचं पायडल जोडलं. जुन्या प्रिंटरची दांडी, जिच्यावरून शाईचा डबा इकडून तिकडे पळतो, ती आडवी बसवली, आणि शाईच्या जागी बारीक तारेचं रीळ. मोटर तार फिरवते, प्रिंटर रीळ पुढे सरकवतो, वेढ्याला वेढा आपोआप चिकटतो. जाड तार ताणून धरायला फिरत्या कडीच्या मागून दोरी घेऊन गॅरेजच्या दारावरून लोंबकळती पिशवी सोडलेली. पिशवीत मूसचं, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाचं, गोठलेलं मांस होतं.

"मांस का?"

"वजन बरोबर आहे," रेजी म्हणाला. "आधी विटा लावल्या, तार तुटली. मग बटाटे, ढिली पडली. हा खांद्याचा तुकडा एकदम फिट."

त्याने पायडल दाबलं. यंत्र गुणगुणलं, प्रिंटर खर्रर्र सरकला आणि बघता बघता हातभर तार गुंडाळून तयार. रेशमासारखी. त्याने पायाच्या जागी पायडलवर वीट ठेवली आणि मागे सरून उभा राहिला.

"बघ यानिक! हात लावायची गरज नाही!"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते दोन्ही बाजूंना लोंबकळत होते. मग उजवा हात उठला आणि डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे सुईचे जुने डाग आहेत, तिथे हळूहळू खाजवायला लागला. रेजीला ते कळतही नव्हतं. तो यंत्राकडे बघून हसत होता.

तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांत पोलीनमावशीच्या दुकानात पिशवीभर कॉइली आल्या. मावशीने पिशवी काउंटरवर आपटली.

"हे घेतंय कोण? हर्स्टला त्यांची फौज आहे का?"

"मी आणखी गिऱ्हाइकं काढतो."

"काढ. सगळ्यांना एकेक गुडघा दे. तुझ्याकडे पगार आहे का एवढा?"

नव्हता.

"मग मार त्यांना," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"कोइव्हिस्तोंना. वय झालंय. झोपेत गेले. मी फुलांचे पैसे देते."

"म्हणजे रेजीचं काम जाणार आणि जिवाभावाचा माणूसही जाणार. एकाच दिवशी."

मावशीने यावर विचार केला. "खरंय. चांगला माणूस होता रे," ती म्हणाली, आणि मला खरंच वाटलं की तिला वाईट वाटतंय.

मग आम्ही दुसरा मार्ग काढला. कोइव्हिस्तोंना साध्या कॉइलींचा कंटाळा आला. त्यांना ती नागमोडी हवी होती, जिच्यात गुंडाळलेल्या तारेतून आतली तार ओढून काढतात, बाहेरची गुंडाळी ताणतात आणि ती तीन नव्या तारांवर पुन्हा चढवतात. जास्त ताणली की मेली, कमी ताणली की चढत नाही. हे काम यंत्राचं नव्हे. मावशीने निरोप दिला. रेजीचे डोळे चमकले. दोन दिवस तो गॅरेजमध्ये वाकून बसला, हात कामात, तोंडात तार. मी रात्री शांत झोपलो. तिसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. यंत्राला बाजूने गॅरेजच्या दाराची जुनी स्प्रिंग आणि सॅलडची पानं फिरवून निथळायची टोपली जोडली होती. टोपली फिरायची, स्प्रिंग ताण द्यायची, नागमोडी तार बाहेर पडायची.

"हात लावायची गरज नाही," रेजी म्हणाला. कोपर लाल झालेलं होतं.

मग मी यंत्र मोडायला लागलो.

फार विचार केला नव्हता. रेजी औषध प्यायला गेला असताना मी गॅरेजमध्ये शिरलो, बॉलबेअरिंगची चांगली कडी काढून खिशात टाकली आणि तिच्या जागी तशीच दिसणारी स्वस्तातली कडी लावली. स्वस्तातली कडी आधी फिरते, मग ताण आला की अडकते. अडकली की तारेला पीळ बसतो, आणि पिळलेली तार टणकन तुटते. रेजी परतला, पायडल दाबलं, टणकन. पुन्हा दाबलं, टणकन.

त्याने बाह्या सरसावल्या आणि मोटर उघडली.

सांगतो, तो आठवडा आमच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. रेजीने मोटर उघडून पुसून बंद केली. प्रिंटरची दांडी साबणाने धुतली. मांसाचा तुकडा बदलला, मांडीचा लावला, मग पुन्हा खांद्याचा. त्याचे हात काळे झाले, बोटांना पट्ट्या लागल्या, कोपर लाल व्हायचं थांबलं. यंत्र चालत नव्हतं आणि माणूस चालत होता. मला वाटलं, मी हुशार आहे. असं मला वर्षातून एकदा वाटतं आणि दर वेळी कुणीतरी जखमी होतं.

कारण रेजीच्या डोक्यात काय चाललंय ते मी विचारलंच नाही.

शुक्रवारी मी क्लबातून निघून घरी आलो तर गॅरेज बंद. त्याचा ट्रक अंगणात चालू होता, काचा धुरकट, आणि इंजिन गोठू नये म्हणून भिंतीतल्या विजेला जोडलेली वायर अजून गाडीच्या नाकातून लोंबत होती. रेजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

मी बाजूच्या सीटवर चढलो. "कुठे?"

"कुठे नाही."

"वायर काढायची राहिलीय."

"माहितीये." त्याने काढली नाही. "यानिक, तू उतर."

"तू आज औषध घेतलंस?"

"उतर, यानिक."

"घेतलंस का?"

"नाही घेतलं. काल पण नाही घेतलं." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "त्याने काय होतं? तो पेला मला जिवंत ठेवतो. कशासाठी? मी विचार केला, रेजी, तुला एक गोष्ट येते. एकच. आणि तीही गेली. मोटर ठीक आहे. दांडी ठीक आहे. वजन ठीक आहे. सगळं ठीक आहे आणि तार तुटते. म्हणजे मी काहीतरी चुकतोय आणि ते मला दिसत नाही. त्या वेळी बाथरूममध्ये डोक्याला रक्त गेलं नव्हतं ना, डॉक्टर म्हणाले होते, काही गोष्टी नंतर कळतील. तर आता कळलं. डोकं गेलं. हात गेले."

"डेनीकडे चाललास?"

त्याने धुरकट काच बाहीने पुसली.

माझ्याकडे एरवी अशा वेळी एखादा विनोद असतो. आमच्या बापाच्या थडग्यापाशीही होता. त्या दिवशी नव्हता.

"कडी बघ," मी म्हटलं.

"काय?"

"फिरती कडी. चांगली माझ्या खिशात आहे. मी बदलली."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी खिशातून कडी काढली. हातमोज्यावर ती एवढीशी दिसत होती. त्याने ती घेतली नाही. तो गाडीतून उतरला, गॅरेजचं दार वर ढकललं, आम्ही आत शिरल्यावर परत खाली ओढलं, दिवा आणि हीटर लावला आणि जाड तारेचा तुकडा त्या स्वस्त कडीत अडकवला. मग दुसरं टोक दोन बोटांत धरून ताण देत फिरवलं. एकदाच.

"अडकते," तो म्हणाला.

"हो."

"अर्ध्या फेऱ्यात अडकते." त्याने पुन्हा फिरवलं, डोळे मिटून. "हाताने करत असतो तर पहिल्या वेढ्याला कळलं असतं. यंत्राला बोटं नाहीत, म्हणून नाही कळलं. मी मोटर उघडली. चार वेळा उघडली. आणि हे..." तो खाली बसला, मांसाच्या पिशवीखाली. "मला वाटलं माझं डोकं गेलं, यानिक. मी आठवडाभर बसून स्वतःचं डोकं तपासत होतो. तेरा ते शंभर उलटे आकडे म्हणत होतो."

"उलटे म्हणजे शंभर ते तेरा."

"गप्प बस. का केलंस?"

आता का हे सांगायचं तर यंत्र का मोडलं ते सांगावं लागणार होतं. हात का रिकामे नको होते ते सांगावं लागणार होतं. आणि मग एवढ्या कॉइली का परवडत नाहीत, आणि कोणाला परवडत नाहीत. एक टोक ओढलं की सगळं उलगडत जातं. तार असो वा खोटं. मी सगळं सांगितलं. मावशी, पगार, बायकांचा चषक, पोलिसांचा, पाद्र्यांचा.

"म्हणजे कोइव्हिस्तो नाहीत."

"नाहीत."

"अजिबात नाहीत?"

"अजिबात नाहीत."

"आणि त्यांचा गुडघा?"

"रेजी, माणूसच नाही तर..."

"मी मेणबत्ती लावली होती!" तो ओरडला. पिशवी डोक्याला लागून झुलायला लागली. "दोन लावल्या! एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी, कारण तुम्ही हरामखोरांनी कधी सांगितलं नाही की कुठला!"

"आम्ही ठरवलं नव्हतं."

"आणि त्यांनी सांगितलं होतं ना, माझ्या कॉइलीला शेवटी धुरावलेल्या माशाची चव येते? मावशीने सांगितलं. मी ती ओळ महिनाभर डोक्यात घेऊन फिरलो. झोपताना म्हणायचो. ती कुणाची?"

"माझी."

"तुला चव कळते? तू ती टरबुजाची कांडी ओढतोस!"

"मी त्या दिवशी मासा खाल्ला होता."

तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्याने डोकं गुडघ्यांत घातलं आणि त्याची पाठ, ती गेलेली पाठ, हलायला लागली. मी उभा होतो. बाजूला बसावं की नाही ते कळेना. आमच्याकडे भाऊ एकमेकांना धरत नाहीत. आमच्याकडे भाऊ एकमेकांच्या गाड्या बर्फातून ढकलतात. मी बसलो. कुणाला न कळता जवळ सरकलो. पिशवीतून मूसच्या रक्ताचा थेंब माझ्या मानेवर पडला. बाहेर गाडी चालूच होती, गॅरेज तापत होतं, वजन वितळत होतं.

"एक माणूस होता जगात," रेजी खाली बघूनच म्हणाला. "ज्याला मी काय करतो ते हवं होतं. फुकट नाही. दयेने नाही. त्याला हवं होतं."

"मला हवं होतं."

"तुला मी जिवंत हवा होतो. ती वेगळी गोष्ट आहे."

मी मानेवरचा थेंब पुसला.

मग त्याने डोकं वर केलं. चेहरा असा दिसत होता, जसा खाणीतून वर आल्यावर दिसायचा. "किती वाजले?"

"औषधाचं दुकान अजून उघडं आहे."

"मी ते नाही विचारलं."

"मी तेच सांगतोय."

तो उठला. खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. मला दिसलं, त्यावर डेनीचा निरोप होता. *आहे मी.* बस एवढंच. डेनी कधीच कुणाला विसरत नाही.

"मला अजून जायचंय," रेजी म्हणाला. "तुझं सगळं ऐकलं तरी जायचंय. तुला कळावं म्हणून सांगतो. तू कडी दाखवलीस म्हणून काही मिटलं नाही. डोकं गेलेलं नाही, बरं. मग आता पूर्ण शुद्धीत जायचंय. हे जास्त वाईट आहे."

"बरं."

"बरं काय? काहीतरी बोल. नेहमी काहीतरी बोलत असतोस."

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

आमच्या घरात हे वाक्य आधी कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. मग रेजीने बाहेर जाऊन गाडीच्या नाकातली वायर उपटली, ती गुंडाळायचीसुद्धा तसदी न घेता बर्फात फेकली आणि बाजूच्या सीटवर बसला.

"तू चालव. किल्ली मला देऊ नकोस. मी मागितली तरी नाही, रडलो तरी नाही. मी रडणार आहे, मला माझी ओळख आहे."

औषधाच्या दुकानात रांग होती. आमच्या पुढे एक आजी चष्म्याच्या काचेबद्दल तक्रार करत होती, आणि तक्रार संपल्यावर काच बरोबर आहे असं कळल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून करत होती. रेजी एका पायावरून दुसऱ्यावर होत होता. घामाने कॉलर भिजली होती. मी त्याच्या आणि दाराच्या मधे उभा राहिलो, सहज उभा आहे असं दाखवत. दुकानाच्या त्या भागात फक्त पायाच्या बुरशीचं मलम होतं. मी सगळ्या डब्यांवरचं वाचून काढलं.

पाळी आली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काल आला नव्हतात."

"नाही."

"बरं वाटतंय ना?"

"नाही."

पोरगा थांबला. हे नेहमीचं उत्तर नव्हतं. त्याने आतल्या फार्मासिस्ट बाईंना विचारलं, बाई बाहेर आल्या, त्यांनी रेजीच्या डोळ्यांत बघितलं, दोन-तीन प्रश्न विचारले, मग पेला दिला. रेजी प्यायला. मग नियमाप्रमाणे बोलायचं होतं. पोरगा वाट बघत उभा राहिला.

"बाहेर थंडी आहे," रेजी म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला, पण तो बोलत राहिला, कारण दोन वाक्यं लागतात. "माझा भाऊ मूर्ख आहे."

"ठीक आहे," पोरगा म्हणाला. "उद्या या."

आम्ही गाडीत बसलो. औषधाला चढायला वेळ लागतो. मधला वेळ तसाच असतो, उघडा. रेजीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, शाळेत मास्तरीण ओरडल्यावर मुलं बसतात तसे.

"उद्या मी काय करायचं?" त्याने विचारलं. "हाताने?"

"माहीत नाही."

"परवा?"

"तेही माहीत नाही."

"कोणीतरी खरं गिऱ्हाईक मिळेल का कधी?"

मला तोंडापर्यंत एक नाव आलं. थंडर बेचे एक दंतवैद्य, विधुर, हौशी. त्यांचं घरही दिसायला लागलं होतं. मी ते नाव गिळलं.

"बहुतेक नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मांडीखाली हात आणखी खोल गेले.

"चालव," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठेही. फक्त थांबू नकोस."

मी गाडी काढली. टिमिन्सला मोठा रस्ता एकच आहे आणि त्यावर सिग्नलच सिग्नल. त्या संध्याकाळी ते सगळे लाल होते, आणि प्रत्येकापाशी थांबलो की रेजी माझ्याकडे असा बघायचा, जणू तो दिवाही मीच लावलाय.